वाचकांचे प्रश्न : पाठ झाल्यावर ‘चिंतना’त लिहायचं काय?

आंतरवासिता, म्हणजे छात्राध्यापकांचा (शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्यांचा) शाळेतला सरावाचा काळ, सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. टाचण (पाठाचा लेखी आराखडा) कसं काढावं, साहित्य कुठून आणावं हे प्रश्न मागे पडतात आणि टाचणाच्या शेवटच्या त्या चार ओळींच्या चौकटीबद्दल विचारणा होऊ लागते : ‘छात्राध्यापकाचे चिंतन’. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, शाळेतला मुक्काम एकूण २० आठवड्यांचा झाला, पण ही चौकट अजून बऱ्याच ठिकाणी सहीपुरतीच राहिली आहे. या वेळी निवडलेली सगळी पत्रं तिच्याभोवतीची असल्यानं एकत्र घेतली आहेत. पत्रं लांब होती, प्रश्नांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : चिंतनाच्या रकान्यात मी दर वेळी लिहिते, ‘पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी चांगला प्रतिसाद दिला. वेळ थोडा कमी पडला.’ सरांची सही मिळते, पण यातून मला काही मिळत नाही हे कळतं. नेमकं काय आणि कसं लिहावं?
*— बी.एड. छात्राध्यापिका, परभणी*

तुमच्या तिन्ही वाक्यांत एकही लेकरू दिसत नाही, खरी अडचण तिथं आहे. ‘चांगला झाला’ हे तुमच्या मनाला काय वाटलं ते झालं. चिंतनाला लागणारा कच्चा माल वेगळा असतो : त्या ३५ मिनिटांत मुलांनी काय केलं, काय म्हटलं आणि काय लिहिलं. तो माल तास चालू असतानाच गोळा करावा लागतो. संध्याकाळी खोलीवर बसून आठवू म्हटलं तर आपण काय बोललो तेवढंच आठवतं, मुलांचं बोलणं निसटून गेलेलं असतं.

गोळा करायला तीन सवयी पुरतात. पहिली, टाचण लिहिताना डावीकडे दोन बोटांचा समास कोरा सोडा आणि पाठ घेताना प्रत्येक टप्पा सुरू झाला की पेन्सिलीनं वेळ टाका. प्रस्तावना १०.४०, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) १०.४९, असं दिसलं की ‘वेळ कमी पडला’ म्हणजे काय झालं ते लगेच उघड होतं. पाच मिनिटांच्या प्रस्तावनेनं नऊ मिनिटं खाल्ली. दुसरी, एक तरी चुकीचं उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रमाण भाषेत सुधारून लिहू नका, कारण मूल कुठून विचार करतंय याचा माग त्याच्या शब्दांतच असतो. तिसरी, शेवटची चार मिनिटं राखून ठेवा. वहीच्या पानाचे चार तुकडे करून प्रत्येकाला एक द्या, फळ्यावर एकच प्रश्न लिहा, उत्तर लिहून घ्या आणि चिठ्ठ्या जमा करा. चाळीस चिठ्ठ्यांचे तीन ढीग (बरोबर, अर्धवट, भलतंच) करायला आठ-दहा मिनिटं लागतात. वाचायचा आहे तो तिसरा ढीग.

लिहायला त्याच दिवशी, शाळेतून निघायच्या आधी, १५ मिनिटं काढा. काय ठरवलं होतं? मुलांनी प्रत्यक्षात काय केलं? तसं का झालं असावं? उद्या कोणती एक गोष्ट बदलणार, आणि ती जमली हे कशावरून कळेल? यातल्या तिसऱ्या प्रश्नाला किमान दोन कारणं लिहायचीच. एकच कारण लिहिलं की ते हमखास आपल्या सोयीचं असतं.

आता हे एका पाठावर लावून पाहू. इयत्ता पाचवी, विषय गणित, अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा. छात्राध्यापिकेनं कागदाच्या दोन भाकरी आणल्या. एक चार्ट पेपरची, २४ सेंटिमीटर व्यासाची, तिचे चार सारखे तुकडे केलेले. दुसरी वहीच्या पानाची, १६ सेंटिमीटर व्यासाची, तिचे तीन तुकडे. दोन्ही फळ्यावर चिकटवून विचारलं, “एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?” दुसऱ्या रांगेतला मुलगा म्हणाला, “एक चतुर्थांश.” “चूक. बस खाली. दुसरं कोण सांगेल?” पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीनं बरोबर उत्तर दिलं, फळ्यावर नियम लिहून झाला, पाठ पुढे सरकला. शेवटच्या चिठ्ठ्यांत मात्र ४० पैकी २६ जणांनी एक चतुर्थांशच मोठा म्हटला होता.

नेहमीच्या चौकटीत यावर ओळ येईल, ‘काही विद्यार्थ्यांना संकल्पना समजली नाही.’ आता दोन कारणं शोधा. पहिलं लगेच सुचतं : चार हा आकडा तीनपेक्षा मोठा, म्हणून मुलांनी चतुर्थांश मोठा धरला. ही चूक जगभरच्या वर्गांत सापडते. दुसरं कारण फळ्यावरच चिकटवलेलं आहे. मोठ्या भाकरीचा चौथा हिस्सा सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर भरतो, लहान भाकरीचा तिसरा हिस्सा सुमारे ६७. डोळ्यांसमोर एक चतुर्थांशच मोठा होता! त्या मुलानं बरोबर पाहिलं होतं. ‘दोन्ही पूर्ण सारखे असतील तरच तुलना’ हा पाठाचा कणा साहित्यानंच मोडला होता.

यातलं खरं कारण कोणतं? ते कळायची एक जागा होती आणि ती पाठात निसटली. “तुला कसं कळलं?” एवढंच विचारलं असतं तर एक मूल म्हणालं असतं, “चार मोठा हाय ना,” आणि दुसरं फळ्याकडे बोट दाखवून म्हणालं असतं, “मॅडम, तो तुकडा मोठा दिसायलाय.” दोघांचं उत्तर एकच, पण दोघांवरचा उपाय निराळा.

म्हणून चौकटीतली नोंद अशी यायला हवी :

‘४० पैकी २६ चिठ्ठ्यांत १/४ मोठा. वर्गात एकानं हेच सांगितलं, मी कारण न विचारता बसवलं. शक्यता १ : ४ हा ३ पेक्षा मोठा असा विचार. शक्यता २ : माझ्या दोन भाकरी लहान-मोठ्या होत्या, मुलांनी तुकडे पाहून उत्तर दिलं. कोणतं खरं ते माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. दोन्ही भाकरी एकाच ताटाभोवती आखून उद्या पहिली दहा मिनिटं हाच भाग पुन्हा घेणार. बदल : प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असो की चूक, “कसं कळलं?” विचारणार. किमान सहा मुलांची कारणं समासात लिहिली गेली तर जमलं.’

साहित्य नीट करणं ही दुरुस्ती झाली, ती ताबडतोब करायचीच. सवयीतला बदल मात्र एका वेळी एकच ठेवा. आवाज, फळा, प्रश्न, वेळ अशा चार गोष्टी एकदम हातात घेतल्या की एकही धड होत नाही. जाता जाता, कागदाच्या भाकरीचे तीन सारखे भाग अंदाजानं कधीच होत नाहीत. कंपासमध्ये त्रिज्येएवढंच अंतर धरून परिघावर सहा खुणा करा आणि एक सोडून एक खूण केंद्राशी जोडा.

प्रश्न : आम्हाला शाळेत दिवसाला तीन तास, शिवाय परिपाठ, हजेरी, पोषण आहाराची नोंद. प्रत्येक पाठाचं असं चिंतन लिहायला वेळ कुठून आणायचा?
*— डी.एल.एड. छात्राध्यापक, केज*

प्रत्येक पाठाचं लिहूच नका. आठवड्यात दोन पाठ निवडा आणि त्यांच्यासाठी वर सांगितलेलं सगळं करा. बाकीच्या पाठांना एकच ओळ : आज एका मुलानं काय म्हटलं, जे मला अपेक्षित नव्हतं. ही ओळ लिहायला मिनिटभर लागतं आणि पुढे ती फार कामाला येते. निवडलेल्या दोनपैकी एक पाठ आपल्याला अवघड वाटणाऱ्या विषयाचा असू द्या. महाविद्यालयाला प्रत्येक पाठाची चौकट भरलेली हवी असेल तर तीच एक ओळ तिथं उतरवा. ‘पाठ चांगला झाला’पेक्षा ती केव्हाही सरस ठरेल.

प्रश्न : मैत्रिणींनी सुचवलं म्हणून मोबाइलवर पाठाचं चित्रीकरण केलं. पाहायला बसले तर स्वतःचा आवाज ऐकवेना, हातवारे बघवेनात. पाच मिनिटांत बंद केलं. याचा उपयोग कसा करावा?
*— बी.एड. छात्राध्यापिका, उदगीर*

स्वतःला पडद्यावर पाहिलं की लक्ष साडी, केस, आवाज, हातवारे यांवरच जातं. म्हणून पहिल्या महिन्यात चित्रीकरण नकोच, नुसता आवाज मुद्रित करा. मुलांचे चेहरे त्यात येत नाहीत, त्यामुळे शाळेलाही अवघडल्यासारखं होत नाही. तरी मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या, वर्गालाही सांगा, मुद्रण कुठल्या ग्रुपवर टाकू नका आणि काम झालं की पुसून टाका.

फोन टेबलावर ठेवला तर फक्त तुमचाच आवाज येतो. तो मुलांच्या मधोमध, तिसऱ्या रांगेत, पालथ्या डब्यावर किंवा दप्तरावर ठेवा. मुलं खाली पट्टीवर बसत असतील तर थेट फरशीवर ठेवू नका, पायांचा प्रत्येक धक्का ढोल वाजल्यासारखा ऐकू येतो. पत्र्याच्या खोलीत पंखा आणि पाऊस दोन्ही आवाज गिळतात. अशा खोलीत सकाळच्या सत्रातला तास निवडा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन प्रश्नाच्या वेळी घरून फोन येतो.

ऐकताना पूर्ण पाठ ऐकायचा नाही. मधली पाच मिनिटं घ्या, जिथं प्रश्नोत्तरं आहेत तो भाग. ऐकणं दोनदा.

पहिल्यांदा फक्त थांबणं मोजा. प्रश्न संपला की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणत राहा आणि तुम्ही पुन्हा बोललात किंवा मूल बोललं की थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात असंच मोजून पाहिलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण वर्गापुढे उभं राहिल्यावर ते फार लांब वाटतात आणि आपण घाईनं स्वतःच उत्तर देऊन टाकतो. हातात खडू असेल तर तो टेबलावर ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा. तेवढ्यात तीन सेकंद होतात.

दुसऱ्यांदा बोलणं कोणाचं ते मोजा. वर्गातलं बोलणं मोजायची फ्लँडर्स यांची दहा प्रकारांची पद्धत तुमच्या अभ्यासक्रमात आहेच : सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, एक शांतता किंवा गोंधळाचा, आणि दर तीन सेकंदांना एक नोंद. दहा प्रकार ओळखायला सराव लागतो, म्हणून सुरुवातीला चारच खुणा ठेवा : ‘सां’ मी सांगते, ‘प्र’ मी विचारते, ‘वि’ विद्यार्थी बोलतो, ‘शां’ शांतता. पाच मिनिटांच्या बरोबर १०० नोंदी होतात, म्हणजे टक्केवारी वेगळी काढायला नको. ७४ ‘सां’, १२ ‘प्र’, ९ ‘वि’, ५ ‘शां’ असा आकडा स्वतःच्या पाठाचा समोर आला की काय बदलायचं ते कोणी सांगायची गरज पडत नाही.

एक सावधगिरी. मुलं गटात काम करत असतील किंवा वहीत लिहीत असतील तर ही पद्धत तिथं लावू नका. चांगली गटचर्चाही यात ‘गोंधळ’ म्हणून मोजली जाते.

प्रश्न : माझ्या वर्गात तांड्यावरची मुलं जास्त. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, वर्गात गप्प. मी चिंतनात ‘विद्यार्थी कच्चे आहेत, प्रतिसाद देत नाहीत’ लिहिलं तर प्राध्यापकांनी ‘हे चिंतन नव्हे’ असा शेरा मारला. पण ते खरंच प्रतिसाद देत नाहीत, मग काय लिहायचं?
*— बी.एड. छात्राध्यापक, किनवट*

शेरा बरोबर आहे, पण अपुरा आहे. पुढे काय करायचं ते त्यात सांगायला हवं होतं.

‘प्रतिसाद देत नाहीत’ हे वाक्य घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा. कोणत्या प्रश्नाला? किती जणांनी? आणि तो प्रश्न माझ्या तोंडून नेमक्या कोणत्या शब्दांत गेला? टाचणात तुम्ही लिहिलं असेल, ‘बाष्पीभवनाचा वेग कोणत्या घटकांवर अवलंबून असतो?’ या वाक्यात बाष्पीभवन, वेग, घटक, अवलंबून असे चार शब्द असे आहेत, जे घरी मराठी बोलणाऱ्या मुलालाही घरात ऐकायला मिळत नाहीत. तोच प्रश्न ‘धुणं उन्हात लवकर वाळतं आणि सावलीत उशिरा, असं का?’ असा विचारला तर बोलायला प्रत्येकाजवळ काहीतरी असतं. पारिभाषिक शब्द सोडायचे नाहीत. मुलांनी कारण सांगून झालं की त्या कारणाला नाव म्हणून ते फळ्यावर येऊ द्या.

दुसरं, उत्तर येत नाही आणि उत्तर मराठीत सांगता येत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या करायच्या तर प्रश्न विचारल्यावर दोन मिनिटं शेजाऱ्या-शेजाऱ्यांना आपल्या बोलीत बोलू द्या, मग दोन्ही भाषा येणाऱ्या एखाद्या मुलाला वर्गापुढे मराठीत सांगायला लावा. दोन मिनिटांत खोली बोलण्यानं भरली तर मुलं कच्ची नव्हती, अडसर भाषेचा होता. खोली तरीही गप्प राहिली तर आशय खरंच पोचलेला नाही. चिंतनात हा निष्कर्ष लिहा. देगलूर-बिलोलीकडे घरी तेलुगू बोलणाऱ्या आणि उमरग्याकडे कन्नड बोलणाऱ्या मुलांच्या वर्गातही हीच चाचणी चालते. बोली वर्गात बोलू देणं म्हणजे मराठी बिघडवणं अशी भीती काही शाळांत अजून आहे. ती भीती सोडून द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. गप्प बसवलेल्या मुलाची कोणतीच भाषा वाढत नाही.

आणि प्रत्येक गोष्टीचा दोष छात्राध्यापकानं स्वतःकडे घ्यावा असंही नाही. बीड जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मधले धडे त्या लेकरांनी पाहिलेलेच नसतात. म्हणून नोंदीची पहिली ओळ हजेरीची ठेवा : ‘पटावर ३४, हजर २१, त्यांतले ५ गेल्या आठवड्यात परतलेले.’ मग कारणांचे तीन भाग करा : माझ्या हातातलं, शाळेच्या हातातलं, दोघांच्याही हाताबाहेरचं. बदल पहिल्या भागातला निवडायचा. दुसऱ्या भागातली गोष्ट वर्गशिक्षकांच्या कानावर घालायची. तिसरा भाग नुसता लिहून ठेवला तरी पुरे, पण तो लिहिल्याशिवाय पहिल्या दोन भागांचं माप चुकतं.

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी छात्राध्यापक येतात. पाठ संपला की विचारतात, “मॅडम, कसा झाला?” आम्ही म्हणतो, “छान, आवाज थोडा मोठा हवा.” याहून उपयोगी काय बोलावं?
*— माध्यमिक शिक्षिका, लातूर*

आधी आपण बोलू नये, हे पहिलं. तुम्ही एकदा ‘छान’ म्हटलं की समोरच्याचा विचार तिथंच थांबतो. आणि बोलायला तुमच्या हातात काही नोंद हवी. निरीक्षण करताना मागे बसून वर्गाची बैठक कागदावर चौकोनांनी काढा. ज्या मुलाला प्रश्न गेला त्याच्या चौकोनात एक रेघ, त्यानं उत्तर दिलं तर रेघेवर टिंब. पाठ संपेपर्यंत कागद बोलका होतो. बहुतेक वेळा पुढच्या दोन रांगा आणि मधली वाट रेघांनी भरते, कोपरे कोरे राहतात. मुलं-मुली वेगळे बसत असतील तर एक बाजू बरीच कोरी दिसते. हा कागद छात्राध्यापकाच्या हातात द्या आणि गप्प बसा.

संवाद असा होऊ शकतो :

“मॅडम, कसा झाला पाठ?”

“आधी तू सांग. तिसऱ्या प्रश्नाला वर्ग गप्प झाला, तेव्हा तू काय केलंस?”

“मीच उत्तर सांगितलं.”

“किती वेळ थांबलीस?”

“थांबलेच नाही बहुतेक.”

“९.३६ ला प्रश्न, ९.३६ लाच उत्तर. माझ्याकडे लिहिलेलं आहे. का थांबली नसशील?”

“शांतता झाली की वाटलं, तुम्ही म्हणाल हिचा वर्गावर ताबा नाही.”

हे शेवटचं वाक्य ‘आवाज मोठा हवा’मधून कधीच बाहेर आलं नसतं. मुद्दा एकच घ्या, दहा मिनिटांच्या आत संपवा आणि पुढच्या पाठाला फक्त तोच मुद्दा पाहायला बसा. विषयाची चूक झालेली असेल, म्हणजे सनावळी चुकली, सूत्र चुकलं, तर तिथं प्रश्न विचारत बसू नये. सरळ सांगावं, आणि मुलांसमोर नव्हे, खोलीबाहेर.

प्रश्न : चिंतनात खरी चूक लिहिली तर अंतर्गत गुण जातील अशी सगळ्यांना भीती वाटते. म्हणून सगळे गोड-गोड लिहितात.
*— बी.एड. छात्राध्यापक, जालना*

भीती समजण्यासारखी आहे, आणि ती घालवायची जबाबदारी आधी प्राध्यापकांची आहे. चिंतनाला गुण द्यायचेच असतील तर ते तीन गोष्टींना द्यावेत : मुलांच्या उत्तरांचा पुरावा आहे का, एकाहून जास्त कारणांचा विचार आहे का, आणि मागच्या वेळी ठरवलेला बदल या पाठात दिसतो का. पाठ फसला की जमला याचे गुण निरीक्षण पत्रिकेत मिळालेलेच असतात. तेच दुसऱ्यांदा चिंतनात कापले की खरं लिहिणं बंद होणारच. हे निकष वर्षाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहून द्यावेत.

तुमच्या बाजूनं, एक कच्ची वही वेगळी ठेवा. ती कोणाला दाखवायची नाही, तिच्यात रागही लिहा, रडूही लिहा. तिच्यातून पक्क्या चौकटीत जे उतरवाल ते निवडून उतरवा, पण खोटं काही उतरवू नका. ‘माझं चुकलं’ एवढंच लिहिलं तर ती कबुली होते. चूक, तिचा पुरावा आणि उद्याचा बदल एकत्र आले की वाचणाऱ्याला त्यात कामाची नोंद दिसते.

प्रश्न : सूक्ष्म अध्यापनातही चिंतन असतं का? आमच्याकडे सहा मिनिटांचा पाठ होतो, टाळ्या वाजतात, पुढचा नंबर येतो.
*— बी.एड. छात्राध्यापिका, अंबाजोगाई*

सूक्ष्म अध्यापन म्हणजे सहाध्याय्यांपुढे एकेका कौशल्याचा छोटा सराव पाठ. आपल्याकडचं त्याचं चक्र ३६ मिनिटांचं शिकवलं जातं : पाठ ६, प्रत्याभरण (पाहणाऱ्यांचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनर्पाठ ६, पुन्हा प्रत्याभरण ६. सगळ्यांत जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिलेला आहे, चिंतनाची जागा तीच. बहुतेक ठिकाणी नेमकी तीच १२ मिनिटं गाळली जातात, कारण गटात दहा जण असतात आणि घंटा व्हायची असते. दहांपैकी पाच जणांनीच त्या दिवशी पूर्ण चक्र करावं, उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी. सहाध्यायीच विद्यार्थी होतात, त्यामुळे प्रश्न पडताच बरोबर उत्तर येतं आणि प्रश्न-कौशल्याची परीक्षाच होत नाही. गटातल्या दोघांना आधीच सांगून ठेवा : एकानं नेहमीची चूक करायची, दुसऱ्यानं ‘कळलं नाही’ एवढंच म्हणायचं. पुनर्पाठासाठी जमलं तर गट बदला. त्याच गटाला तोच आशय दुसऱ्यांदा ऐकवला की पाठ आपोआप सुधारल्यासारखा वाटतो.

प्रश्न : परीक्षेत गिब्ज यांचं चक्र लिहितो, शॉन यांचे दोन प्रकार लिहितो. वहीत त्यांचा काही उपयोग आहे का?
*— बी.एड. छात्राध्यापक, हिंगोली*

आहे, पण प्रमाण उलटं करावं लागतं. गिब्ज यांनी (१९८८) सांगितलेले चिंतनाचे सहा टप्पे : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती-आराखडा. वह्यांत वर्णन पाऊण पान भरतं आणि विश्लेषण एका ओळीत आटोपतं. वर्णनाला तीन ओळींची मर्यादा घाला आणि विश्लेषणाला अर्धं पान सोडा. भावनांचा टप्पा बरेच जण वगळतात. तो ठेवा, एक ओळ का होईना. ‘मुख्याध्यापक दारात आले आणि मी घाबरून गटकार्य बंद केलं’ ही ओळ पाठाचं अर्धं स्पष्टीकरण देते.

डोनाल्ड शॉन यांनी (१९८३) कृती चालू असतानाचं आणि कृतीनंतरचं चिंतन असा फरक केला. पहिल्या प्रकाराची नोंद सोपी आहे : पाठ चालू असताना टाचण सोडून काही केलं असेल तर समासात फुली मारा आणि नंतर ती का मारली ते लिहा. सुरुवातीच्या आठवड्यांत फुल्या जवळपास नसतातच, कारण टाचण सोडायची हिंमत होत नाही.

प्रश्न : चिंतनाच्या दोन वह्या भरल्या. पुन्हा उघडून पाहिल्या नाहीत. त्यांचं पुढे काय करायचं?
*— डी.एल.एड. छात्राध्यापिका, धाराशिव*

दर दुसऱ्या शनिवारी अर्धा तास काढून मागच्या पंधरवड्याच्या नोंदी एकदम वाचा. हातात दोन रंगांच्या पेन्सिली ठेवा. मुलांच्या उत्तरांखाली एक रंग, स्वतःच्या ठरवलेल्या बदलांखाली दुसरा. बदलाचा रंग असलेली एकच ओळ तीन-चार पाठांत पुन्हा पुन्हा आली असेल, उदाहरणार्थ ‘फलक-लेखन आधी ठरवणार’, तर तो बदल ठरतो पण होत नाही असा अर्थ. कारण बहुधा साधं असतं : फळ्याचा आराखडा टाचणात काढलेलाच नसतो. टाचणाच्या पानावर फळ्याचा चौकोन काढा, त्याचे तीन उभे भाग करा, डावीकडे तारीख, विषय आणि नवे शब्द, मधे आशय, उजवीकडे पुसून टाकायचं कच्चं काम. पाठ झाल्यावर फळ्याचा फोटो काढून त्या चौकोनाशेजारी ठेवून पाहा.

मुलांच्या उत्तरांचा रंग एखाद्या पानावर अजिबात नसेल तर ते पान बाजूला काढा. तो पाठ पुन्हा घ्यायची संधी वर्गशिक्षकांकडे मागा, शेवटच्या चार मिनिटांच्या चिठ्ठ्यांसह.